बाळंतिणीची यादी

डॉक्टरांनी आईच्या गुडघ्यांचा एक्स-रे उजेडासमोर धरला आणि म्हणाले, "आजी, आता जिने बंद." आई म्हणाली, "बरं." बाहेर येऊन चपला घालताना मात्र मला म्हणाली, "जिने बंद म्हंजे धंदा बंद. त्याला काय ठाव?" आणि रिक्षा घणसोली गावात शिरेपर्यंत एक शब्द बोलली नाही. माझी आई गप्प बसली की मला जाम भीती वाटते, कारण ती गप्प बसणाऱ्यातली बाईच नाही.

आई जुईनगरला मासे विकते. मी शाळेत जायच्या आधीपासून विकते. सिडकोच्या त्या चार माळ्यांच्या बिल्डिंगी, लिफ्ट नाही, प्रत्येक माळ्यावर चार दारं. पहाटे बंदरावरून माल घ्यायचा, पाटी भरायची आणि ऊन चढायच्या आत पहिल्या जिन्याखाली उभं राहून हाक द्यायची. तिची हाक अशी, की चौथ्या माळ्यावरच्या बाईला वाटावं, हिला माझीच आठवण आलीय. दार उघडायच्या आधीच पाटीतला मासा वर काढलेला असायचा. कोणाला काय हवंय, हे तिने कधी विचारलं असेल असं मला आठवत नाही.

आता माझं सांगते. मी महापेला एका ऑफिसात ऑनलाइन जाहिरातींचं काम करते. तुम्ही मोबाइलवर एक चप्पल बघता, सोडून देता, आणि मग ती चप्पल आठवडाभर तुमच्या मागे हिंडते ना? ती तुमच्या मागे सोडणारी जी माणसं असतात त्यातली मी एक. द्या शिव्या, मला सवय आहे. माहेरीच राहते. का, तो वेगळा विषय आहे, आणि त्यावर गावात सगळ्यांचं बोलून झालेलं आहे.

तर मी ठरवलं, आईची दारं टिकवायची. उपाशी मरायची वेळ नव्हती आमच्यावर. भाऊ नोकरीला आहे, वरच्या दोन खोल्यांत भाडेकरू आहेत. पण आईला जुईनगरची ती दारं नसतील तर आई घरात नुसती बसेल, आणि नुसती बसलेली आई किती दिवस टिकेल याची मला खात्री नव्हती. ती स्वतःही घाबरली होती. बोलली नाही, पण सकाळी रिकामी पाटी उगाच धुऊन ठेवायची, ते मी बघत होते.

मी म्हटलं, त्यात काय एवढं, रोज ऑफिसात हेच तर करते. पेज बनवलं, सुरमईचा झकास फोटो टाकला, आणि जाहिरात कोणाला दाखवायची ते भरलं: बाई, वय पंचवीस ते पंचेचाळीस, नवी मुंबई, आवड स्वयंपाक. झाला ऑडियन्स. आमच्या ऑफिसात हा शब्द दिवसातून शंभर वेळा तरी ऐकू येतो. 'ऑडियन्स समजून घ्या' असं आमचे साहेब म्हणतात आणि मग पडद्यावर रंगीत गोल दाखवतात.

पहिल्या आठवड्यात काय झालं सांगू? एका काकूंनी जाहिरातीखाली लिहिलं, चतुर्थीच्या दिवशी मासे दाखवता, लाज वाटत नाही का? जासईच्या कंटेनर यार्डातून एकाचा फोन आला, ड्रायव्हर पाहिजे का म्हणून. ऑर्डर आली एक, तीही माझ्या मैत्रिणीची, आणि तिने दया येऊन दिली होती.

आई ओट्यावर बसून सुकट निवडत होती. म्हणाली, "तू हाक कोनाला मारतंस गो?"

"सगळ्यांना."

"सगल्यांना? मंग तुना कोन ओ देनार?"

मला राग आला, कारण बरोबर होतं. मी लॅपटॉप घेऊन तिच्यासमोर बसले आणि म्हटलं, "बरं, तू सांग. पहिल्या बिल्डिंगीपासून एकेक दार सांग. मी लिहून घेते."

ती तयार नव्हती. "लोकांच्या घरच्या गोष्टी कशाला लिवायच्या?" म्हणाली. मी म्हटलं, "अगं, धंद्यासाठी. तुला जाता येत नाही, मग मला तरी कळायला नको?" दोन दिवस टाळलं तिने. तिसऱ्या दिवशी आपण होऊनच सुरू झाली. मला वाटतं, तिला त्या बायकांची आठवण येत होती आणि बोलायला कारण हवं होतं.

काय काय होतं त्या बाईच्या डोक्यात! पहिल्या बिल्डिंगीतल्या टीचरला काट्याचा मासा द्यायचा नाही, तिच्या मुलाच्या घशात एकदा काटा अडकला होता, तेव्हापासून ती मासा खाताना मुलाच्या तोंडाकडे बघते, स्वतः जेवत नाही. शेजारचे बँकेतले काका रिटायर झालेत, त्यांना बायको तळलेलं देत नाही, म्हणून बायको माहेरी गेली की स्वतः फोन करून तळायला मांदेली मागतात. तळमजल्यावरच्या एकीचे गुरुवार आहेत, पण तिच्या सासूचे नाहीत, तेव्हा बुधवारी दोन दिवसांचं द्यायचं, नाहीतर दोघींत भांडण. एकीला नवऱ्याने टाकलंय. ती आता थोडीच घेते, पण तिच्यासमोर थोडं म्हणायचं नाही, 'आज एवढंच चांगलं हाय' म्हणायचं.

आणि घाटावरून आलेल्या सुनांची तर तिची पद्धतच ठरलेली. ज्या पोरीने जन्मात मासा शिजवलेला नाही, तिला पहिल्यांदा सोललेली कोलंबी द्यायची. महिनाभराने सुरमईच्या तुकड्या. मग पापलेट. पाच-सहा महिने गेले, पोरीच्या हाताला अंदाज आला, की मग एका पावसाळ्याआधी ओले बोंबील. "बोंबील पयल्यांदा दिला तं पलून जाल ती," आई म्हणाली. मी कपाळावर हात मारला. हेच आम्ही पायऱ्यापायऱ्यांचं चित्र काढून कंपन्यांना विकतो.

मी ते सगळं भरलं. प्रत्येक नंबरापुढे लेबल. काट्याचा नको. बुधवारी दुप्पट. नवीन सून, कोलंबी. आणि त्याप्रमाणे ज्याला त्याला वेगळा मेसेज, आईच्या तोंडी, तिच्या फोटोसकट. रोज सकाळी आईला स्कूटीवर बसवून जुईनगरला न्यायचे, बिल्डिंगीखाली प्लास्टिकच्या खुर्चीत बसवायचे, ऑर्डरी वर देऊन यायचे आणि तशीच ऑफिसला. महिन्याभरात अर्धी दारं परत आली. काही नवीनही आली. बायका खाली येऊन आईला भेटून जात. आई खुर्चीत बसल्या बसल्या मला हुकूम सोडायची. परत बोलायला लागली होती. मला इतकं बरं वाटत होतं की ऑफिसात मी कधी नव्हे ते कोणावर ओरडले नाही.

त्यातच बाळंतिणीची यादी झाली.

आमच्यात बाळंतिणीला मुशी, म्हणजे लहान शार्क, देतात. मुशीच्या कालवणाने अंगावर दूध येतं, असं जुन्या बायका सांगतात, आणि आई त्यातली पहिली. एखाद्या घरी सून पोटुशी आहे म्हटलं की तिचे महिने आई बोटांवर मोजायची आणि वेळ आली की बरोबर छोटी, कोवळी मुशी घेऊन दारात हजर. न सांगता. सासवा खूश व्हायच्या.

मी म्हटलं, हे तर सोनं आहे. वेगळं पान बनवलं: 'बाळंतिणीसाठी मुशी'. त्यात फॉर्म टाकला, बाळ कधी येणार, तारीख भरा, मावशी तुमच्यासाठी राखून ठेवेल. तारीख भरली की पुढचा मेसेज आपोआप जाणार, तारखेनंतर पाचव्या दिवशी. आणि ऑफिसच्या सवयीने मी त्या पानात तो कोडही टाकला, जो टाकला की त्या पानावर कोण आलं हे जाहिरात कंपनीला कळतं. पानात टाकायचाच असतो तो. विचारसुद्धा केला नाही. हात आपोआप गेला.

पहिली तारीख भरली ती तिसऱ्या माळ्यावरच्या सुनेने. घाटावरची पोर, आईच्या कोलंबीवर शिकलेली, बोंबलापर्यंत पोचलेली. आईला फार आवडायची. फॉर्म भरल्याच्या दुसऱ्या दिवशी पोट सांभाळत तीन माळे उतरून खाली आली, का, तर आईला सांगायला, "मावशी, मी मोबाइलवर नंबर लावला बरं का, विसरू नका." आई तिला ओरडली, "जिना कशाला उतरलीस?" आणि मग तिचा चेहरा दोन्ही हातांनी कुरवाळून बोटं कानशिलावर मोडली. मी फोटो काढणार होते. पेजसाठी बरा झाला असता. राहून गेला, ते नशीब.

आता पुढचं सांगते.

एका बुधवारी मी आईला खुर्चीत बसवून, ऑर्डरी देऊन घाईत ऑफिसला गेले. संध्याकाळी घरी आले तर आई ओट्यावर होती, वहिनी समोर बसून लसूण सोलत होती. वहिनीला सातवा महिना होता तेव्हा. आई मला म्हणाली, "त्या तिसऱ्या माल्यावर बारा दिस माल न्यायचा नाय. सुतक हाय."

त्या घरात एक आजोबा होते, वर्षभर अंथरुणाला खिळलेले. मला वाटलं, सुटले बिचारे. मी "बरं" म्हटलं, मोबाइल काढला, त्या नंबराची रोजची ऑर्डर बारा दिवस बंद केली आणि चहा टाकायला गेले. एवढंच. कोण गेलं, हेही विचारलं नाही. आणि आईने सांगितलं नाही, कारण समोर वहिनी बसली होती. पोटुशी बाईसमोर तसलं बोलत नाहीत आमच्याकडे. नंतर एकटी गाठून सांगावं, तर तिला गरज वाटली नाही. तिच्या हिशोबाने काम झालं होतं. जायचं नाही म्हटलं की जायचं नाही; त्या जिन्यात हाक द्यायची नाही, संपलं. इतकी वर्षं तिने असंच केलेलं. सुतकाच्या घरी कोळीण गेली नाही की तिच्याकडचं काहीच तिथे गेलं नाही.

दोन दिवसांनी सकाळी अकराला मी मीटिंगमध्ये होते. मोबाइल थरथरला. पडद्यावर तिसऱ्या माळ्यावरच्या त्या सुनेचा नंबर. उघडलं तर वर माझा मेसेज, फुग्यांसकट: 'अभिनंदन! बाळ-बाळंतीण सुखरूप ना? मावशीने तुमच्यासाठी खास मुशी राखलीय.' आणि खाली तिचं उत्तर.

'बाळ नाही राहिलं. मुशी नको.'

मी ते पाच-सहा वेळा वाचलं. मग मेसेज पुसायला गेले. पुसून काय होणार होतं? तिने वाचला होता, उत्तरही दिलं होतं. मी मीटिंगमधून उठून बाथरूममध्ये गेले आणि आईला फोन लावला. "आई, सुतक कोणाचं? म्हाताऱ्याचं ना?"

"नाय गो बाय," आई म्हणाली. "पोरीचं बाल. दोन दिस होतं. तिसऱ्या दिशी गेलं."

मी तिला सांगितलं काय झालं ते. तिला कळेना. "पन मी तुना जायचं नाय म्हनलं व्हतं ना?"

"मी नाही गेले गं. मेसेज गेला."

"तू गेली नाय तं निरोप कसा गेला?"

मी काय सांगू तिला? मीच आधी लिहून ठेवला होता, तारीख आली आणि तो आपला आपण गेला, हे मी तीनदा सांगितलं. ती तीनदा म्हणाली, "पन पाठवला कोनी?" शेवटी मी म्हटलं, "मी पाठवला, आई. मीच." तेव्हा तिने फोन ठेवला.

संध्याकाळी मी घरी पोचायच्या आत तिने लुगडं बदललं होतं. म्हणाली, "चल." मी म्हटलं, फोन करू, उद्या जाऊ, तुझे पाय. तिने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी स्कूटी काढली.

तीन माळे. प्रत्येक पाच-सहा पायऱ्यांवर ती बसली. एका हाताने कठडा, एका हाताने माझा खांदा. रिकाम्या हातांनी तो जिना चढताना मी तिला पहिल्यांदा बघत होते. दुसऱ्या माळ्यावरच्या टीचरने दार उघडून बघितलं, पाणी आणून दिलं.

दार सासूने उघडलं. आत या म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. आईकडे बघून म्हणाली, "मावशी, तुम्हाला घरातलं माणूस समजून सांगत होतो आम्ही. कितवा महिना, कधीची तारीख. ते सगळं मोबाइलमध्ये कसं गेलं? तिला किती कसंतरी सावरलं होतं सकाळी, जेवायला बसवलं होतं. तुमचा फोटो बघून तिने ताट सरकवलं."

मी तोंड उघडलं. आईने माझा हात दाबला आणि म्हणाली, "चुकलं माजं." माझं, म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी खरं बोलायला हवं होतं तिथेच, पण मी आईच्या मागे सरकले. मी, जी रिक्षावाल्याला सोडत नाही, तिथल्या सोसायटीच्या सेक्रेटरीला सोडत नाही, ती मी.

मग सासूच बाजूला झाली. आई आत जाऊन खाली बसली आणि दोघी हळू आवाजात बोलायला लागल्या. पोरीचं दूध थांबत नव्हतं, छाती दगडासारखी झाली होती, ताप होता. आई तिला सांगत होती, कपडा कसा बांधायचा, मोगऱ्याच्या कळ्या आत कशा ठेवायच्या, ताप उतरला नाही तर उद्या सकाळीच डॉक्टरकडे न्या म्हणून. आईला माहीत होतं काय करायचं. मी उंबऱ्यापाशी उभी होते.

आतल्या खोलीतून ती पोर आली. केस बांधलेले नव्हते. मला म्हणाली, "ताई, जरा येता?" मी गेले. तिने दार लोटलं आणि मोबाइल माझ्या हातात दिला.

"तुम्ही ऑफिसात हेच करता ना? मावशी कौतुकाने सांगायच्या. मग हे बंद करा ना."

मी बघितलं. लंगोट. पाळणा. बाळाला पाजताना घ्यायची उशी. दूध वाढवायची पावडर. मुलांची हजार नावं. जरा वर सरकवलं की एक बाळ हसत होतं, आणखी सरकवलं की दुसरं बाळ. "मी काहीच बघत नाही हो," ती म्हणाली. "नुसता उघडते आणि येतं. मेसेज एकदाच आला, तुमचा. हे दिवसभर येतं."

ती मला रागावली असती तर बरं झालं असतं. रागावली नाही. तिला वाटत होतं, या बाईच्या हातात आहे.

मी पलंगाच्या कडेला बसले. एकेक जाहिरात दाबून 'नको' म्हणत गेले. प्रत्येक वेळी तो विचारतो, का नको? खाली कारणं दिलेली असतात: वारंवार दिसते. आवडत नाही. आधीच घेतलं आहे. तिसऱ्या-चौथ्या जाहिरातीला मी थांबले. तिने माझ्या खांद्यावरून वाचलं आणि म्हणाली, "काहीपण दाबा." मी काहीपण दाबलं. मग सेटिंगमध्ये गेले, जे जे बंद करता येतं ते केलं, जुनं सगळं शोधलेलं पुसलं, बाळाचं अॅप काढलं. ते काढताना ती म्हणाली, थांबा, मग म्हणाली, काढा. तासभर गेला असेल. बाहेर सासूने लाइट लावली.

"आता नाही येणार ना?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "कमी होतील."

फॉर्मचं मी तिला सांगितलं नाही. ती तारीख तू माझ्या पानावर लिहिलीस आणि त्या पानात मी कोड ठेवला होता, हे माझ्या तोंडून निघालं नाही. घाबरले. अजून सांगितलेलं नाही.

घरी येऊन मी ती यादी पुसली, सगळ्या दारांची लेबलं आणि ठरलेले मेसेजही. पान काढलं, फॉर्म काढला, कोड काढला. पुसताना माहीत होतं, उपयोग नाही. गेलेलं परत येत नाही. ते एका ठिकाणी असतं तर मी हातापाया पडून आणलं असतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात ज्याला यातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं त्याला विचारलं. त्याने ऐकून घेतलं, चांगला मुलगा आहे, वाईटही वाटलं त्याला. म्हणाला, "तुझ्याच फॉर्ममधून गेलं असेल, असं काही नाही. तिने स्वतः पण शोधलं असेल, अॅप होतं, हॉस्पिटलचं काही असेल. कुठून कुठे गेलं, आता कोणालाच सांगता येणार नाही."

"मग थांबवायचं कसं?"

"नाही थांबवता येत. थकून थांबेल कधीतरी."

त्याला मी आणखी विचारलं नाही, कारण उत्तर मलाच माहीत होतं. वर्षभरापूर्वी एका लंगोटाच्या कंपनीसाठी मीच बसून सगळं आखून दिलं होतं. एकदा तारीख मिळाली की झालं. पुढे बाळ वाढेल तशी जाहिरात वाढवायची. पहिल्या महिन्याला काय लागतं, तिसऱ्या महिन्याला काय लागतं, बसायला लागलं की काय, रांगायला लागलं की काय. साहेबांनी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवायला लावल्या होत्या. बाळ वाढलंच नाही तर काय, हा रकाना आमच्या कोणाच्या डोक्यात आला नव्हता.

आई आता मला काही सांगत नाही. भांडली नाही, बोलली नाही, टोमणा मारला नाही. सकाळी स्कूटीवर बसते, खुर्चीत बसते, खाली येतील त्या बायकांना देते. यादीशिवाय ऑर्डरी कमी झाल्या. बायका जिने उतरून किती दिवस येणार? काही दिवस तर पाटीतला अर्धा माल परत येतो. मी विचारते, "आज कोणी काय मागितलं?" ती म्हणते, "मासं." मी म्हणते, "अगं, पण कोणाला काय हवं असतं ते मला कळलं तर..." ती म्हणते, "काय नाय." एवढी दारं तिच्या पोटात आहेत आणि ती आता तिथेच ठेवणार आहे. मला राग येतो, कारण अशाने उरलेली दारंही जातील. आणि ती बरोबर आहे, म्हणून जास्त येतो.

तिसऱ्या माळ्यावरून कोणी मासे घ्यायला खाली येत नाही. आई तिकडे बघतही नाही, खुर्ची पाठमोरी लावून बसते.

पण ती पोर मला मेसेज करते. महिन्या-दीड महिन्याने एकदा. जास्त लिहीत नाही. मोबाइलवर जे आलं असेल त्याचा फोटो काढून पाठवते. आधी मोठ्या मापाचे लंगोट आले. मग खुळखुळे, मान धरायला लागलेल्या बाळासाठी. मग बसायला टेकू देणारी खुर्ची. मी दर वेळी लिहिते, हे हे दाबा, तिथे जाऊन बंद करा. ती 'बरं ताई' लिहिते. तीही करते, मीही करते, उपयोग नाही हे दोघींना माहीत असतं.

गेल्या आठवड्यात परत आला. वाटी, चमचा, नाचणीचं सत्व. खाली तिने लिहिलं होतं, 'सहा महिन्यांचा झाला. वरचं खायला लागला.'

मी ऑफिसात होते. 'सॉरी' लिहिलं, पुसलं. 'बंद करायचा प्रयत्न करते' लिहिलं, तेही पुसलं, खोटं किती बोलायचं. तिच्या घरी त्याचं कोणी बोलत नाही, हे तिने मागे एकदा लिहिलं होतं. सासू विषय निघाला की उठून जाते, नवरा टीव्ही लावतो. माझ्याकडे देण्यासारखं काहीच नव्हतं. म्हणून मी विचारलं, 'नाव काय ठेवणार होतात?'

मला वाटलं, हेही चुकलं. मग नाव आलं. नुसतं नाव, पुढे-मागे काही नाही. छान नाव होतं. ते मी इथे लिहीत नाही.

मी उत्तर लिहायच्या आत खाली दुसरा मेसेज आला. 'ताई, आता हे नाव मी मोबाइलमध्ये लिहिलं ना. आता जाहिराती त्याच्या नावाने येतील का हो?'

'माहीत नाही,' मी लिहिलं. आणि मला खरंच माहीत नाही.